तीनदा विचारायचं

बसस्थानकावरच्या रखवालदाराला नियम तोंडपाठ होता: बेवारस पिशवीला हात लावायचा नाही, लांबूनच तीनदा विचारायचं, "कोणाची आहे?" मालक सापडला तर धोका टळला, नाहीतर बॉम्बशोधक पथकाला फोन. घरीही तीच सवय होती. खुर्चीवर बायकोची पिशवी दिसली की तो दारातूनच ओरडायचा, ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमच्या बायकोची! कांदे आहेत, फुटणार नाहीत." ती वारल्याला महिना झाला. पिशवी त्याने स्वतः माळ्यावर ठेवली होती. आज दुपारी कुलूप उघडलं, तर पिशवी खुर्चीवर, भरलेली. किल्ली एकच, त्याच्या खिशात. "कोणाची आहे?" तो दारातूनच ओरडला. "कोणाची आहे?" नळ ठिबकला. उत्तर हवं की नको, कळेना. तिसऱ्यांदा त्याने आणखी मोठ्याने विचारलं. स्वयंपाकघरातून आलं, "ओरडता कशाला? कांदेच आहेत." मालकीण सापडली होती, धोका टळला होता, तरी पाऊल उंबरा ओलांडेना.