गल्लीत पाणी कधी?

लातूरला पाणीपुरवठा कार्यालयात तारामती फोनवर बसायची. कोणत्या भागात पाणी कधी सुटणार, ते लोकांना सांगायचं. शिकवणीसाठी आलेल्या पोरांच्या वसतिगृहांतून दिवसभर फोन यायचे.

त्या दुपारी एका बाईचा फोन आला. "बाई, आमच्या गल्लीत पाणी कधी सोडता? लेकरू लई तहानलंय."

"कोणती गल्ली?"

बाईनं गावाचं आणि गल्लीचं नाव सांगितलं. ती अख्खी गल्ली भूकंपात गेली होती. तिथल्याच ढिगाऱ्याखालून दोन दिवसांनी पाच वर्षांच्या तारामतीला एकटीला जिवंत काढलं होतं.

"घर कुणाचं?"

"शेषेरावाचं."

ते तिच्या वडिलांचं नाव होतं. सवयीनं ती बोलून गेली, "उद्या सकाळी येईल."

पलीकडे एक लेकरू मुसमुसत होतं. बाई त्याला समजावत म्हणाली, "गप गं तारा, उद्या येतंय म्हनं."