नवा ड्राइव्ह

निवृत्तीच्या समारंभात काकांनी केलेलं पावणेदोन तासांचं भाषण एका डीव्हीडीवर होतं, आणि घरी आलेला पाहुणा ते पाहिल्याशिवाय सुटत नसे. शेवटी एका दुपारी काकूंनी ती डीव्हीडी तारेच्या घासणीने घासून काढली.

"लॅपटॉपचा ड्राइव्ह गेला वाटतं," संध्याकाळी काका हळहळले.

"जुनाच झालाय तो," काकूंनी चेहरा पाडला. "मला तर रोज ऐकायची सवय झाली होती हो."

चार दिवसांनी काका त्यांना घेऊनच दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने जुना ड्राइव्ह काढून नवा बसवला. तोही वाचेना. मग त्याने डीव्हीडी उजेडात धरली.

"हिची पार वाट लागलीय."

काकूंनी मोठा सुस्कारा सोडला. मनातून त्या सुटल्या होत्या.

"काका, तुम्ही विसरलात. मागे मला एक भेट दिली होतीत," म्हणत दुकानदाराने खण उघडला. त्या डीव्हीडीवरचा प्लास्टिकचा कागदही त्याने अजून फाडला नव्हता. ती आत सरकवली आणि दुकानभर काकांचा आवाज घुमला.

"जुन्या ड्राइव्हवर नुसतं बघता यायचं," दुकानदार म्हणाला. "या नव्यावर कॉप्याही निघतात."

"मग पन्नास कोऱ्या डीव्हीडी द्या," काका म्हणाले. "आणि पहिली कॉपी हिला. चार दिवस झाले, बिचारीला घास गोड लागत नाहीये."