आजोबांची खुर्ची

माझी नात मैत्री नवऱ्याला सोडायचं म्हणून बॅग घेऊन आली, तेव्हा मीच दोघांना काउन्सलर मॅडमकडे घेऊन गेले.

तिथे मैत्री सुरू झाली, "मॅडम, आमचे आजोबा आजीसाठी महूहून सायकलवर कचोरी आणायचे, इंदूरला पोचेपर्यंत गरम! आणि हा स्वप्निल? एक कप चहा करत नाही."

"अरे यार, आजोबांसमोर मी काय टिकणार?" स्वप्निल बिचारा रडकुंडीला आला होता.

मी शरमेने पदराची किनार कुरवाळत बसले. आजोबांचे सगळे किस्से माझेच ना! लहानपणी पोरीला भरवताना सांगायचे, आणि दरवेळी ती कचोरी मीच जरा जास्त गरम करायची.

मॅडमनी एक रिकामी खुर्ची माझ्यासमोर सरकवली. "आजीजी, समजा आजोबा इथे बसलेत. तुम्ही दोघं घरात कशा गप्पा मारायचात, ते जरा या मुलांना दाखवा ना."



मी ताडकन उठले, डोक्यावर पदर ओढला आणि खाली मान घालून भिंतीला लागून उभी राहिले; नातीकडे बघायची हिंमतच झाली नाही.