कडू ताक

प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात ठेवलेली उंदराची रक्तवाहिनी गवती चहाच्या तेलाने सैल पडली; वाहिनी सैल झाली की बीपी उतरतं. हा प्रयोग करणाऱ्या शर्वाणीने हे घरी कौतुकाने सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी बीपीची गोळी बंद केली. रुमालावर तेल शिंपडून ते हुंगत बसू लागले.

शर्वाणीने समजावलं, भांडूनही पाहिलं. पण बीपी वाढेना, आणि तेच तिला खटकत होतं. नुसत्या वासाने इतका फरक पडणं शक्य नव्हतं. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने दुसरं आणलं. आकडा तोच.

आज जेवताना आई बाबांच्या ताकाचा पेला घेऊन आत गेली, तशी शर्वाणीही मागोमाग गेली. आई चमच्याने गोळी चुरडत होती.

"बोलू नकोस," आई कुजबुजली. "तुझ्या तेलावर फार विश्वास आहे त्यांचा."

शर्वाणीने पेला बाबांपुढे नेऊन ठेवला. "बाबा, बीपी तेलाने उतरलेलं नाही. यात आई गोळी घालते."

बाबांनी शांतपणे ताक संपवलं. "पहिल्याच दिवशी कडू लागलं होतं," ते म्हणाले. "पण तुझं तेल खोटं पडू नये म्हणून मुकाट्याने पीत होतो."