कोपऱ्यातला अंगठा

खोटं वाटलं तर खुशाल हसा, पण आधी ऐका. एका घड्याळजीची आई घरातले सगळे फोटो स्वतःच काढायची, कुणी हललं तर पुन्हा एकदा; त्यामुळे ती एकाही फोटोत नव्हती. असायचा तो फक्त कोपऱ्यात चुकून आलेला तिचा धूसर अंगठा. आई गेल्यावर तेवढीच ती उरली.

फोटो क्लाउडवर होते. दर महिन्याला भाडं भरून घड्याळजी कंटाळला. एका सुस्त दुपारी धाकट्या बहिणीला शेजारी बसवून तो ते घरच्या हार्ड डिस्कवर उतरवू लागला.

"ढगात सामान ठेवायचं आणि वर भाडंही द्यायचं? त्यापेक्षा आई घरात बरी."

"आणि तुझा हा डबा बिघडला तर, दादा? घड्याळं दुरुस्त करतोस तशी आई दुरुस्त करशील?"

उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. डिस्क मांजरासारखी गुरगुरत होती. सगळे फोटो उतरले. क्लाउडवरचे पुसण्याआधी त्याने डिस्कवरचा शेवटचा फोटो उघडून पाहिला.

तो कधी पाहिल्याचं दोघांनाही आठवेना, म्हणून बहिणीने फोनवर शोधलं. क्लाउडवर तो फोटो नव्हताच.

त्यात दोन पाठमोरी माणसं टेबलावर वाकली होती. एकाची कॉलर मागून दुमडलेली, दुसरीच्या केसांत पिवळी क्लिप. वरच्या कोपऱ्यात धूसर अंगठा.

घड्याळजीचा हात आपसूक स्वतःच्या कॉलरकडे निघाला.

"दादा, हलू नकोस," धाकटी पुटपुटली. "आपण हललो, की आई पुन्हा काढते."