आजचा शब्द

संग्रामपूरच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये नव्या सरांनी फळ्यावर 'बेअर' लिहिलं आणि त्याचे तीन अर्थ सांगितले. अस्वल, सोसणं आणि जन्म देणं. सात महिन्यांची गरोदर निशिगंधा पहिल्याच अर्थाला थिजली. मोहफुलं वेचायला डोंगरात गेलेल्या तिच्या नवऱ्याला, गोपालला, चार महिन्यांपूर्वी अस्वलानंच मारलं होतं. तरी तिनं तिन्ही अर्थ वहीत उतरवून घेतले.

गोपाल रोज संध्याकाळी विचारायचा, "आज कोणता शब्द शिकली वं?" आता घरात विचारणारं कोणी नव्हतं. ती खाटेवर बसली आणि पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आजचा शब्द बेअर. याचे दोनच अर्थ हायेत, बाळा."