कोणी बसवलंय हे शटर?

ट्रकला मागचं शटर बसवण्यात मिस्त्रींची निम्मी हयात गेली होती. "माल छताला टेकवू नका, उघडताना शटर तिथेच सरकतं," असं ते ड्रायव्हर लोकांना दरडावून सांगत. पण स्वतःचं घर हलवताना त्यांनी भाड्याच्या ट्रकात शेवटी फोमची गादी छतापर्यंत कोंबली आणि ती बाहेर यायच्या आत शटर खाली ओढलं. हत्यारांची पेटीही आतच राहिली.

नव्या घरापाशी पोचेपर्यंत गादी फुगून बसली होती. शटर काही केल्या वर जाईना. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही तर यातले उस्ताद ना?"

नाचता येईना म्हटल्यावर अंगण वाकडं असायलाच हवं. मिस्त्री कडाडले, "उस्ताद काय करणार? बसवणाराच अडाणी! असल्या माणसाच्या हातात पाना द्यायचीसुद्धा सोय नाही."

"मग त्यालाच बोलावतो," असं म्हणत ड्रायव्हरने शटरच्या कोपऱ्यात रंगवलेला नंबर वाचून फोन लावला.



मिस्त्रींच्या खिशातला फोन वाजायला लागला, तशी बायको शांतपणे म्हणाली, "अहो, उचला की. गिऱ्हाईक आहे."